हिमनगाला खिळे कशाला?

विज्ञान प्रदर्शनातल्या प्रतिकृतींचे परीक्षण सहसा कोणी लिहीत नाही. नाटकाचे, पुस्तकाचे परीक्षण छापून येते. मुलांच्या प्रतिकृतीच्या वाट्याला मात्र गुणांचा एक आकडा येतो, आणि बक्षिसे वाटून झाली की थर्मोकोल कचऱ्यात जातो. या लेखात आम्ही अशा दोन प्रतिकृतींचे परीक्षण करणार आहोत. दोन्ही पिंपरी-चिंचवडमधील एका आंतरशालेय प्रदर्शनात मांडलेल्या होत्या आणि परीक्षक मंडळात आम्हीही होतो. एका प्रतिकृतीला आम्ही पहिले बक्षीस दिले, दुसरीला काहीच दिले नाही. ते गुणदान चुकले, असे आमचे आजचे मत आहे. ते का चुकले हे नीट सांगायचे तर हिमनग, समुद्रतळावरच्या तेलविहिरी आणि आपल्या वर्गातल्या भिंतीवरचे एक चित्र, या तिन्ही गोष्टींकडे थोडे निरखून पाहावे लागेल.

प्रदर्शनाचा विषय होता ‘समुद्रातून ऊर्जा’. पहिली प्रतिकृती शहरातल्या एका मोठ्या शाळेची. काचेच्या टाकीत निळे पाणी, त्यात पीव्हीसी नळ्यांच्या तीन पायांवर उभा तेलफलाट, जुन्या कूलरच्या पंपाने वर चढणारे काळे ‘तेल’, आणि शेजारी थर्मोकोलचा पांढराशुभ्र हिमनग. पाण्यावर एक सुळका, पाण्याखाली त्याच्या नऊपट उंचीचा निमुळता डोलारा. बाजूला सुबक अक्षरात पाटी: ‘हिमनगाचा १/१० भाग वर, ९/१० भाग खाली’. सगळे अगदी चित्रातल्यासारखे. जवळ जाऊन पाहिल्यावर हिमनगाच्या तळाला खिळे आणि नट-बोल्ट टोचलेले दिसले. आम्ही विचारले, ‘हे कशाला?’ मुलगा प्रामाणिक होता. म्हणाला, ‘नाहीतर तो आडवा पडतो, सर.’ आम्ही हसलो आणि पुढे गेलो.

दुसरी प्रतिकृती चाकणपलीकडच्या एका गावातल्या शाळेतील दोन मुलींची. प्लास्टिकचे घमेले, तळाला वाळू, वर मिठाचे पाणी. वाळूत एक खड्डा, खड्ड्यात बाटलीच्या झाकणाची ‘विहीर’ आणि तिथून निघून काठापर्यंत गेलेली सलाईनची नळी. हिमनग खऱ्या बर्फाचा होता. पाण्याची लांबट बाटली भरून गावातल्या दुकानाच्या फ्रीझरमध्ये ठेवली, मग बाटली कापून बर्फ काढला. तो बर्फ पाण्यात चक्क आडवा पडला होता. शिवाय मुली माहिती सांगत असतानाच तो एकाएकी उलटला आणि त्याच्या धक्क्याने सलाईनची नळी निसटली. दोघी गोंधळल्या. एका परीक्षकाने शेरा मारला: ‘प्रतिकृती स्थिर नाही.’ आम्हीही मान डोलावली. गुणपत्रिकेत ‘मांडणी’, ‘नीटनेटकेपणा’ आणि ‘सादरीकरण’ असे रकाने होते. ‘निरीक्षण’ असा रकाना नव्हता.

चित्र कुठे चुकते

पाटीवरचे वाक्य खोटे नाही. हिमनदीच्या बर्फाची घनता सुमारे ९०० ते ९१७ किलोग्रॅम प्रति घनमीटर असते, समुद्राच्या पाण्याची सुमारे १०२५. बर्फ स्वतःच्या वजनाइतके पाणी बाजूला सारतो. त्यामुळे त्याच्या आकारमानाचा सुमारे नऊ दशांश भाग पाण्याखाली आणि एक दशांश वर राहतो. आर्किमिडीजचे तत्त्व एवढेच सांगते. ते बोलते आकारमानाविषयी. उंचीविषयी ते काहीही बोलत नाही आणि हिमनग कोणत्या बाजूवर तरंगेल हेही सांगत नाही.

चित्रकार मात्र या दोन्ही गोष्टी स्वतःच्या मनाने ठरवतो. तो आकारमानाचे गुणोत्तर उंचीला लावतो आणि हिमनग गाजरासारखा उभा करतो. दिसायला ते भव्य दिसते, पण असा हिमनग समुद्रात टिकणार नाही.

का टिकणार नाही? तरंगणाऱ्या वस्तूवर दोन बले काम करतात. वजन गुरुत्वमध्यातून खाली ओढते, प्लावक बल पाण्याखालच्या भागाच्या मध्यातून वर ढकलते. बर्फ सगळीकडे सारखाच जड असतो. म्हणून उभ्या ठोकळ्याचा गुरुत्वमध्य निम्म्या उंचीवर असतो, आणि पाण्याखालच्या भागाचा मध्य त्याहून थोडा खाली. म्हणजे ढकलणारे बल खाली आणि ओढणारे वर. बोटावर काठी उभी तोलून धरण्यासारखीच ही अवस्था आहे. यातून ठोकळ्याला वाचवते ती फक्त त्याची रुंदी. ठोकळा किंचित कलला की कललेल्या बाजूचा जास्त भाग पाण्यात जातो, प्लावक बलाचा मध्य त्या बाजूला सरकतो आणि ठोकळ्याला पुन्हा सरळ करू पाहतो. ठोकळा रुंद असेल तर हे सरकणे पुरेसे होते, अरुंद असेल तर पुरत नाही.

आयताकृती ठोकळ्यासाठी याचे गणित बारावीच्या विद्यार्थ्याला जमण्यासारखे आहे. बर्फ आणि पाणी यांच्या घनतेचे गुणोत्तर ०.९ च्या आसपास धरले, तर रुंदी उंचीच्या सुमारे पाऊणपटीहून कमी असल्यास ठोकळा उभा राहू शकत नाही. चित्रातल्या हिमनगाची रुंदी उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकीही नसते. तो आडवा पडणारच.

आता त्या खिळ्यांचा अर्थ लागतो. थर्मोकोलची घनता पाण्याच्या पन्नासाव्या भागाइतकीच, त्यामुळे त्याला बुडवण्यासाठी वजन लावणे भाग होते, हे कबूल. पण वजन सगळे तळाशी लावले की गुरुत्वमध्य खाली जातो आणि वस्तू उभी राहते. जहाजाच्या तळाशी भार भरतात तो याचसाठी. निसर्गातल्या हिमनगाच्या तळाशी असे खिळे कोणी टोचत नाही. त्या मुलाच्या वाक्याचा आम्ही पुन्हा विचार केला: ‘नाहीतर तो आडवा पडतो, सर.’ त्याने निसर्गाचे म्हणणे बरोबर ऐकले होते. पण निसर्ग आणि चित्र यांच्यात भांडण लागले तेव्हा त्याने चित्राची बाजू घेतली. आणि आम्ही, पीएच.डी. झालेली माणसे, त्याच्या पाठीवर शाबासकीची थाप देऊन आलो.

चुकीचे चित्र सुरक्षित बाजूला चुकत नाही

यावर कोणी म्हणेल, एवढ्या बारकाव्याने काय बिघडते? हिमनग खोल असतो, सावध राहा, एवढा बोध झाला म्हणजे पुरे. आम्हालाही आधी तसेच वाटले होते. पण ज्यांना हिमनगाच्या वाटेवर विहिरी खोदायच्या आहेत, त्यांच्या जागी उभे राहून पाहा.

कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटाच्या आग्नेयेला ग्रँड बँक्स नावाचा उथळ समुद्र आहे. ग्रीनलंडच्या हिमनद्यांतून तुटलेले हिमनग लॅब्रॅडॉर प्रवाहाबरोबर वसंत ऋतूत इकडे येतात. १९१२ साली टायटॅनिक बुडाली ती याच भागाच्या दक्षिणेला. येथे हायबर्निया, टेरा नोव्हा आणि व्हाइट रोझ ही तेलक्षेत्रे आहेत. पाण्याची खोली अनुक्रमे सुमारे ८०, ९५ आणि १२० मीटर.

समजा, पाण्यावर २० मीटर उंच दिसणारा हिमनग येत आहे. चित्राप्रमाणे त्याचा तळ १८० मीटर खोल असणार. मग तो या उथळ समुद्रात शिरूच शकणार नाही. बाहेरच्या खोल पाण्यातच त्याचा तळ रुतेल. म्हणजे समुद्राचा उथळपणाच विहिरींचे रक्षण करील आणि आपण निर्धास्त राहू. प्रत्यक्षातले हिमनग मात्र पसरट असतात. त्यांची पाण्याखालची खोली वरच्या उंचीच्या नऊपट नसते. आकारानुसार ती बहुधा दोन ते पाच पटींच्या दरम्यान असते. सर्वेक्षणांतून मिळालेल्या ठोकताळ्यानुसार पाण्याच्या रेषेवर १०० मीटर लांब असलेला हिमनग साधारण ७० मीटर खोल जातो. असा हिमनग या तेलक्षेत्रांवरून सहज तरंगत जाईल आणि वाटेत जे काही उभे असेल त्याला धडकेल. त्याहून थोडा मोठा असेल तर तळ खरवडत जाईल. म्हणजे धोका फुगवून सांगणारे हे चित्र अखेरीस धोका नाहीच असे सांगून बसते!

समुद्रतळावर हिमनगांनी काढलेल्या चरांचे नकाशे उपलब्ध आहेत. चर सहसा फार खोल नसतात, मीटर-दोन मीटरच्या आतले. पण त्यांची रुंदी कित्येक मीटर आणि लांबी किलोमीटरांत भरते. अभिकल्पकाला हिमनगाचे ‘टोक’ नको असते. त्याला तळाचा आकार, वस्तुमान, वेग आणि दिशा हवी असते.

तीन पायांचा फलाट आला कुठून?

पहिल्या प्रतिकृतीतली दुसरी चूक आमच्या आणखी उशिरा लक्षात आली. तो तीन पायांचा फलाट मुलांनी पाठ्यपुस्तकात किंवा मोबाईलवर पाहिलेल्या मुंबई हायच्या चित्रावरून घेतला होता. मुंबई हाय हे तेलक्षेत्र मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर आहे. ‘सागर सम्राट’ने १९७४ साली तेथे तेल शोधले आणि १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. पाण्याची खोली तिथे साधारण ७५ मीटर, म्हणजे हायबर्नियाच्या जवळपास तितकीच. पण दोन्हीकडची बांधकामे शेजारी ठेवून पाहिली तर एकाच कामासाठी ती बांधली आहेत हे खरे वाटत नाही.

मुंबई हायवर पोलादी नळ्यांचे सांगाडे आहेत. लाटांना कमीत कमी अडथळा व्हावा म्हणून ते जाळीदार ठेवलेले आहेत. १९९७ साली उत्पादन सुरू झालेल्या हायबर्नियावर समुद्रतळावर टेकवलेला काँक्रीटचा प्रचंड पिंप आहे. त्याच्याभोवती सोळा दातांची जाड भिंत आहे. दहा लाख टनांचा हिमनग धडकला तरी इजा होऊ नये आणि साठ लाख टनांचा धडकला तर होणारी इजा दुरुस्त करता यावी, असे त्याचे अभिकल्पन आहे.

दहा लाख टन म्हणजे किती? सेकंदाला अर्धा मीटर, म्हणजे रमतगमत चालण्याच्या वेगाने येणाऱ्या अशा हिमनगाची गतिज ऊर्जा साडेबारा कोटी जूल भरते. चाकण-नाशिक रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरने जाणाऱ्या ४० टनी ट्रेलरची ऊर्जा सुमारे ५५ लाख जूल. म्हणजे हिमनग बावीस-तेवीस ट्रेलरांइतका. ‘एवढेच?’ असे वर्गात कोणीतरी नक्की म्हणेल. त्याला संवेग काढायला सांगा. हिमनगाचा संवेग अशा साडेसातशे ट्रेलरांइतका भरतो. थांबवणारे बल तेवढेच असले, तर ट्रेलर एका सेकंदात थांबेल आणि हिमनगाला साडेसातशे सेकंद, म्हणजे साडेबारा मिनिटे लागतील. ऊर्जा आणि संवेग या दोन वेगळ्या राशी का शिकवायच्या, याचे इतके चांगले उदाहरण आम्हाला दुसरे ठाऊक नाही.

दुसऱ्या प्रतिकृतीतला खड्डा

भिंत बांधून हिमनगाशी टक्कर घेणे हा एक मार्ग झाला. दुसरा मार्ग म्हणजे त्याच्या वाटेतून बाजूला होणे. टेरा नोव्हा (२००२) आणि व्हाइट रोझ (२००५) येथे तेल साठवणारी जहाजे वापरली. समुद्रतळावरून येणाऱ्या वाहिन्या जहाजाखालच्या एका बोयाला जोडलेल्या असतात. हिमनग फार जवळ आला तर बोया सोडून द्यायचा आणि जहाज घेऊन निघून जायचे. त्याआधी मदतनीस जहाजे हिमनगाला लांब दोराचा फास टाकून हळूहळू ओढतात. पूर्ण थांबवायचे नसते, वाट काही अंशांनी बदलली तरी पुरते. येथेही पुन्हा तेच स्थैर्य आडवे येते. ओढता ओढता हिमनग उलटतो आणि दोर निसटतो.

जहाज पळून जाऊ शकते, विहीर पळू शकत नाही. मग विहिरीच्या तोंडावरची झडपांची रचना, जिला तेलउद्योगात ‘ख्रिसमस ट्री’ म्हणतात, ती समुद्रतळात नऊ-दहा मीटर खोल खणलेल्या मोठ्या खड्ड्यात बसवतात. हिमनगाचा तळ खड्ड्यावरून निघून जावा, झडपांना लागू नये, अशी ही योजना.

आता त्या दोन मुलींचे घमेले आठवा. वाळूत खड्डा होता आणि विहीर खड्ड्यात होती! आम्ही त्या वेळी विचारले होते, ‘हे कुठे वाचलंत?’ त्यातली एक म्हणाली, ‘वाचलं नाही सर. शेतात पाइपलाइन खोल पुरतात ना, नांगर लागू नये म्हणून. तसंच केलं.’ उत्तर आम्ही ऐकले, आणि ‘संदर्भ नाही’ असा शेरा लिहिला.

परीक्षण करायचे तर या प्रतिकृतीतले उणेही सांगितले पाहिजे. नांगराचीच उपमा पुढे नेली तर कळते, की फाळ वीतभर खोल गेला तरी खालची मातीही दाबली जाते आणि सरकते. हिमनगाचेही तसेच. चर एक मीटरचा असला तरी त्याखालची मातीही हलते आणि तिच्यात पुरलेली वाहिनी वाकू शकते. म्हणून ‘चराच्या खाली पुरली की झाले’ एवढे पुरत नाही. दुसरे उणे असे, की विहीर खड्ड्यात ठेवली तरी सलाईनची नळी खड्ड्यातून वर येऊन वाळूवरून उघडीच गेली होती. बर्फ उलटला तेव्हा नेमकी तीच निसटली. पण हे उणे त्या दोघींपुरते नाही. मोठमोठ्या अभिकल्पकांनाही त्याने छळले आहे.

मुद्दाम ठेवलेला कच्चा दुवा

वाहिनीवर हिमनग घासलाच तर ती ओढली जाईल आणि ओढता ओढता विहिरीची झडपच उपटून नेईल. हे टाळण्यासाठी वाहिनीत एक जोड मुद्दाम कच्चा ठेवतात. ताण ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की तो जोड तुटावा, दोन्हीकडच्या झडपा मिटाव्यात आणि नुकसान तेवढ्यावर थांबावे. भोसरीच्या कोणत्याही वर्कशॉपमध्ये ही कल्पना नवी नाही. यंत्रावर बेसुमार भार आला तर आधी शिअर पिन तुटते आणि गिअर वाचतात. घरातला विजेचा फ्यूज किंवा कुकरच्या झाकणातला वितळणारा सेफ्टी व्हॉल्व्ह हीसुद्धा त्याच तत्त्वाची उदाहरणे.

पण कच्चा दुवा म्हणजे अखेर कच्चा दुवा. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी, मोठ्या वादळानंतर व्हाइट रोझ क्षेत्रातील उत्पादन पुन्हा सुरू करताना असा एक जोड सुटला आणि सुमारे अडीच लाख लिटर तेल समुद्रात गेले. हिमनग तिथे नव्हताच. हिमनगासाठी केलेली सोय वादळाच्या दिवसांत गळतीची जागा ठरली. फ्यूज फार जाड घेतला तर घर जळते आणि फार बारीक घेतला तर रोज अंधार होतो. ‘किती कच्चा?’ या प्रश्नाला एकच कायमचे उत्तर नाही. ते त्या ठिकाणच्या मोजमापांवरून काढावे लागते.

आणि मोजमापे हाताशी असूनही माणसे चुकतात. २९ मार्च २०१७ रोजी व्हाइट रोझच्या ‘सीरोझ’ या जहाजापासून अवघ्या १८० मीटरवरून एक हिमनग गेला. जहाजावर ८४ माणसे होती. अशा वेळी वाहिन्या सोडून निघून जायचे, हे कंपनीच्याच योजनेत लिहिलेले होते. तसे झाले नाही. माणसांना धडकेसाठी तयार राहण्यास सांगितले गेले. धडक झाली नाही, हे नशीब. जानेवारी २०१८ मध्ये तेथील नियामक मंडळाने जहाजाचे काम काही काळ थांबवले. हिमनग कोणाच्या नजरेतून सुटलेला नव्हता. चुकला होता तो निर्णय.

आपल्या समुद्रात हिमनग नाहीत

‘हे सगळे कॅनडाचे. आपल्याला काय त्याचे?’ हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आपल्याच किनाऱ्यावर आहे. २६ जुलै २००५ च्या मुंबईतल्या पावसाची आठवण सर्वांना आहे. दुसऱ्या दिवशी, २७ जुलैला, मुंबई हायच्या उत्तर भागातल्या मुख्य उत्पादन फलाटाजवळ ‘समुद्र सुरक्षा’ हे मदतनीस जहाज आले होते. जहाजावरच्या एका जखमी स्वयंपाक्याला उपचारासाठी फलाटावर उतरवायचे होते. पावसाळी समुद्रात जहाज फलाटाला धडकले आणि समुद्रतळावरून वर येणाऱ्या उभ्या वाहिन्यांना त्याचा मार बसला. वायू सुटला, पेटला आणि सुमारे दोन तासांत फलाट जळून गेला. २२ माणसे मृत्युमुखी पडली. साडेतीनशेहून अधिक माणसांना वाचवण्यात यश आले.

ज्या जागी मार बसू शकतो तिथे तो मार केव्हातरी बसणार असे धरून चालायचे, आणि बसला तर काय तुटेल व काय शाबूत राहील हे आधी ठरवायचे, हाच समुद्रतळावरच्या अभिकल्पनाचा गाभा आहे. मार देणारा हिमनग असो की मदतीला आलेले आपलेच जहाज.

शिवाय पिंपरी ते चाकण या पट्ट्यातल्या मुलांसाठी हा विषय परका नाही. येथे पंप बनतात, बेअरिंग बनतात, लोखंडाचे ओतकाम आणि घडाईकाम चालते. चाकणला २०१५ साली सुरू झालेल्या जीईच्या कारखान्याची घोषणा होतानाच त्यात तेल-वायू उद्योगासाठीचे भाग बनतील असे सांगितले गेले होते. थंड समुद्रासाठीच्या पोलादाचे नमुने शून्याखाली ४६ अंशांपर्यंत गार करून हातोड्याखाली तोडून पाहतात, कारण काही पोलादे थंडीत काचेसारखी ठिसूळ होतात. अशी चाचणी करणारा तंत्रज्ञ आज आपल्या आठवीच्या वर्गात बसलेला असेल. नमुना अपेक्षेपेक्षा लवकर तुटला तर आकडा जसाचा तसा लिहायचा, की तक्त्याशी जुळेल असा ‘नीट’ करून घ्यायचा? खिळे टोचण्याची सवय तिथपर्यंत जाते, म्हणून आम्हाला तिची काळजी वाटते.

याच पट्ट्यातल्या कारखान्यांच्या प्रशिक्षणवर्गांत तो उभा हिमनग भिंतीवर हमखास दिसतो. वर ‘दिसणारे अपघात’, खाली ‘न दिसणारी कारणे’. हेतू चांगला आहे. पण ते चित्र ‘खाली बरेच काही लपलेले आहे’ असे म्हणून थांबते. खरा अभिकल्पक तिथून काम सुरू करतो. तो ध्वनिलहरी सोडून तळ मोजतो. शिवाय खरा हिमनग वितळता वितळता उलटतो, काल खाली असलेले आज वर येते. कारखान्यातला धोकाही एकाच जागी बसून राहत नाही. चित्रातला हिमनग मात्र वर्षानुवर्षे तसाच उभा असतो.

वर्गात काय करता येईल

एक लिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवा. हे समुद्राच्या पाण्याच्या जवळपास जाते. एक बर्फ लांबट बाटलीत गोठवा, दुसरा पसरट डब्यात. पाण्यात सोडण्याआधी मुलांना प्रत्येकी अंदाज लिहून ठेवायला सांगा: बर्फ कोणत्या बाजूवर तरंगेल? मग सोडा. वर दिसणारी उंची आणि खालची खोली फूटपट्टीने मोजा. गुणोत्तर नऊ येते का? नंतर बर्फ वितळू द्या आणि तो केव्हा व कोणत्या बाजूला उलटतो ते पाहा. तळाला वाळू असेल तर पाणी थोडे कमी करून बर्फ हलकेच ढकला. चर कसा पडतो? वाळूत आधी आडव्या पुरलेल्या दोऱ्याचे काय झाले?

या प्रयोगात काहीही ‘स्थिर’ राहणार नाही आणि सगळे ओले होईल. तेच हवे आहे.

प्रदर्शनांच्या संयोजकांना आमची एक विनंती आहे. गुणपत्रिकेत एक रकाना वाढवा: ‘करताना अपेक्षेपेक्षा वेगळे काय घडले?’ त्या रकान्यात पहिल्या प्रतिकृतीच्या मुलाने लिहिले असते, ‘हिमनग आडवा पडला’, आणि दुसऱ्या प्रतिकृतीच्या मुलींनी, ‘बर्फ उलटला आणि नळी निसटली’. ही दोन वाक्ये त्या दिवशी सबंध सभागृहातली सर्वांत मोलाची होती. तिन्ही मुलांनी ती आमच्यासमोर कृतीतून मांडली होती, त्या मुलाने तर तोंडानेही सांगितली. ती आम्ही लिहून घेतली नाहीत.

पहिल्या प्रतिकृतीचे बक्षीस काढून घ्यावे असे आमचे म्हणणे नाही. त्या मुलाने पंप चालवला, झडप बसवली, आणि विचारल्यावर खरे सांगितले. आम्ही पुढच्या वेळी त्याला एवढेच सांगू, की बाळ, ते खिळे काढ आणि हिमनग जसा पडतो तसा पडू दे. तो तसा का पडला, यावरच आपण बोलू. आणि त्या दोघी मुलींना सांगू, की तुमची नळी निसटली तिथेच खऱ्या समुद्रातही वाहिनी निसटली होती. ती निसटू नये म्हणून काय करता येईल, यावर अजून पुष्कळ काम उरले आहे.